माउंटन व्ह्यू : जुन्या खेळांची हरवलेली लय

सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेकडे निघाले, की डाव्या हाताला उपसागराचे पाणी मधूनमधून दिसत राहते आणि सुमारे साठ किलोमीटरांवर माउंटन व्ह्यू हे गाव लागते. गावाच्या कडेला मॉफेट फील्ड नावाचा जुना विमानतळ आहे. अमेरिकी नौदलाने १९३० च्या दशकात वायुनौका ठेवण्यासाठी तेथे जी इमारत बांधली, ती इतकी अवाढव्य आहे की हमरस्त्यावरून जाताना एखादी टेकडीच उभी आहे असे वाटते. एके काळी हे सारे खोरे जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी यांच्या बागांनी भरलेले होते. आज त्या बागांच्या जागी संगणक कंपन्यांच्या बैठ्या, काचेच्या इमारती आहेत आणि खोऱ्याला जग सिलिकॉन व्हॅली म्हणून ओळखते. आपल्या बृहन्महाराष्ट्रातील कितीतरी घरांची मुले आणि सुना या खोऱ्यात नांदत आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेल्यांकडून वाचकांनी गोल्डन गेट पुलाची आणि योसेमिटीच्या धबधब्यांची वर्णने पुष्कळ ऐकली असतील. आम्ही मात्र आज वाचकांना एका संग्रहालयात नेऊ इच्छितो. तेथे आम्ही उभयता एका घरगुती प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गेलो होतो.

प्रश्न आमच्या पुतण्याचा होता. १९९० साली, तो पंधरा वर्षांचा असताना, बडोद्याच्या घरी एक वापरलेला पीसी-एक्सटी जातीचा संगणक आला. उत्तरायणाचे दिवस होते. त्याने बेसिक भाषेत पतंगांचा एक खेळ लिहिला. पडद्याच्या उजवीकडून एक पतंग येई, तो डावीकडे निसटण्यापूर्वी आपल्या पतंगाने काटायचा, मग दुसरा येई. एक निसटला की खेळ संपला. आमचे थोरले बंधू, म्हणजे त्याचे वडील, रेल्वेत गार्ड होते आणि तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. मुलाने लिहिलेला खेळ त्यांना इतका आवडला की रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर एक डाव ठरलेलाच असे. २००९ साली बंधू गेले. त्यांची नात त्यानंतर जन्मली. ती आता तेरा वर्षांची आहे. आजोबांचा खेळ तिला दाखवावा म्हणून पुतण्याने जुन्या फ्लॉपीवरची आज्ञावली उतरवून घेतली, आपल्या लॅपटॉपवर डॉससारखी प्रणाली बसवली आणि खेळ सुरू केला. पतंग उजवीकडून निघाला आणि बोट कळीला लागण्यापूर्वीच डावीकडे नाहीसा झाला. दोन-तीनदा असे झाल्यावर मुलीने विचारले, "बाबा, आजोबा रोज इतक्या लवकर हरायचे?"

त्या प्रश्नाने आमचा पुतण्या अस्वस्थ झाला. खेळ तोच होता, त्यातले एक अक्षरही बदललेले नव्हते, आणि तरीही नातीच्या मनात आजोबांचे जे चित्र उमटले ते सर्वस्वी खोटे होते. "काका, शनिवारी म्युझियममध्ये जाऊ. तिथे हे सगळं मुळापासून दाखवता येईल," असे तो म्हणाला, आणि आम्ही चौघे-पाच जण निघालो.

कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम हे शोअरलाइन बुलेव्हार्ड या रस्त्यावर आहे. इमारत पूर्वी सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची होती. २००३ पासून तेथे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. संग्रहाचा आरंभीचा भाग अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाकडून, बोस्टनच्या संगणक संग्रहालयातून आलेला आहे. २०११ साली उघडलेल्या मोठ्या दालनात मणिगणकापासून आजच्या यंत्रांपर्यंतचा प्रवास मांडला आहे. खेळांच्या विभागात 'पाँग' या खेळाचा अगदी पहिला नमुना दिसतो. १९७२ साली शेजारच्याच सनीव्हेल गावातील एका मद्यालयात तो लोकांच्या परीक्षेसाठी ठेवला होता. पिवळसर लाकडी खोके, त्यात दूरचित्रवाणीचा संच आणि दोन फिरत्या मुठी, एवढाच त्याचा संसार. पुतण्याने मुलीला तेथे थांबवून सांगितले की या खेळात आज्ञावली मुळीच नाही. सारे काम विद्युत्‌मंडलांचे आहे आणि चेंडूचा वेग दूरचित्रवाणीच्या संकेताला बांधलेला आहे. म्हणून हा खेळ कधी घाईला येत नाही. घाईचा रोग पुढे आला. खेळ ही लिखित वस्तू झाली आणि एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्या यंत्रावर वाचले जाऊ लागले, तेव्हाच तो उद्भवला.

त्या शनिवारी संग्रहालयाचे स्वयंसेवक पीडीपी-१ हा संगणक चालवून दाखवीत होते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे हे पहिले यंत्र. त्या काळी किंमत एक लाख वीस हजार डॉलर. कपाटांची एक रांग, पुढे कळफलक, आणि षट्‌कोनी खोक्यात बसवलेला गोल पडदा. एका सेकंदात सुमारे एक लाख बेरजा करण्याची त्याची शक्ती. याच जातीच्या यंत्रावर १९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा खेळ पुरा केला. मध्ये एक तारा, त्याच्या ओढीत सापडलेली दोन अवकाशयाने, आणि मागे पीटर सॅमसन यांनी खऱ्या आकाशावरून उतरवलेली नक्षत्रे. ठिपके पडद्यावर उमटत आणि हलकेच विरत. आमच्या सौभाग्यवतींना ते पाहून तुळशीपुढच्या निरांजनाची आठवण झाली.

या खेळाच्या पोटात एक गोष्ट अशी आहे की ती ऐकून आम्ही थक्क झालो. खेळाच्या प्रत्येक फेरीत आकाशातील सर्व वस्तूंची जागा नव्याने काढावी लागते. वस्तू पुष्कळ असल्या की फेरीला वेळ अधिक लागणार, थोड्या असल्या की फेरी चटकन संपणार, आणि यानांची चाल कमीजास्त होणार. हे टाळण्यासाठी रसेल यांनी प्रत्येक फेरीला आज्ञांचा एक ठराविक शिधा नेमून दिला. झालेले काम त्यातून वजा करायचे आणि जे उरेल ते यंत्राने स्वस्थपणे आकडे मोजत संपवायचे. म्हणजे काम नसतानाही थांबणे हा खेळाचाच एक भाग होता. परंतु हे थांबणे मोजलेले होते ते यंत्राच्या स्वतःच्या आज्ञांत. भिंतीवरच्या घड्याळाशी त्याचा संबंध नव्हता. हीच आज्ञावली दहापट वेगवान यंत्रावर जशीच्या तशी चालवली, तर काम आणि विश्रांती दोन्ही दहापट लवकर संपतील.

पुढे १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पीसी बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता आणि तो सेकंदाला ४७.७ लाख ठोक्यांनी, म्हणजे ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. हा चमत्कारिक आकडा कोठून आला? त्या यंत्रात १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच क्वार्ट्झ स्फटिक होता. अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या रंगसंकेताची जी वारंवारता, तिची ही बरोबर चौपट. त्याला तीनने भागले की प्रोसेसरचा ठोका मिळे. बाराने भागले की वेळ मोजणाऱ्या वेगळ्या चिपचा ठोका मिळे, आणि त्यातून सेकंदाला सुमारे १८.२ वेळा, म्हणजे दर ५५ मिलिसेकंदांनी, संगणकाला वेळेची हाक ऐकू येई. याप्रमाणे घड्याळ यंत्रात होते. पण खेळ लिहिणारे पुष्कळ जण त्याकडे पाहत नसत. सारी यंत्रे एकाच वेगाची असताना पाहण्याचे कारणही नव्हते. आमच्या पुतण्यानेही पतंग सावकाश सरकावा म्हणून एवढेच लिहिले होते की, एकपासून एका ठराविक संख्येपर्यंत मोज, मग एक घर पुढे सरक. लपंडावात राज्य घेणारे मूल जसे शंभरापर्यंत मोजते, तसा हा प्रकार. मूल भरभर मोजू लागले तर लपणाऱ्याला वेळ कोठून मिळणार?

१९८४ साली ६ मेगाहर्ट्झचा पीसी-एटी आला, त्यात प्रोसेसरही अधिक कार्यक्षम होता, आणि खेळ धावू लागले. यावर अनेक कारखानदारांनी यंत्राच्या दर्शनी भागावर 'टर्बो' नावाची एक कळ बसवली. नाव वेग वाढवण्याचे, पण तिचा खरा उपयोग वेग उतरवण्याचा होता. जुनी आज्ञावली चालवायची असली की ती कळ फिरवून यंत्राला मुद्दाम मंद करायचे. पुढे यंत्रे शेकडो पट वेगवान झाली, तेव्हा त्या कळीने भागेना आणि ती यथावकाश नाहीशी झाली. १९९० साली निघालेला 'विंग कमांडर' हा त्या काळचा मोठा गाजलेला खेळ. काही वर्षांतच नव्या यंत्रांवर तो इतका सुसाट पळू लागला की त्यातील विमानयुद्ध खेळणे अशक्य झाले.

हा विषय आम्हां बडोदेकरांना परका वाटू नये. पंडित भातखंडे यांच्या प्रेरणेने १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद आमच्याच शहरात भरली. त्यांच्या स्वरलिपीत बंदिशीचा प्रत्येक स्वर मात्रेच्या खाली नीट मांडलेला असतो. सम, टाळी, खाली यांच्या खुणा असतात. परंतु एक मात्रा म्हणजे घड्याळाचा किती काळ, हे त्या लिपीत नसते. ते गुरूच्या गळ्यातून आणि तबलजीच्या हातातून शिष्याकडे जाते. मूकपटांचेही तेच. सेकंदाला सोळा-अठरा चित्रे या हिशेबाने हाताने फिरवून टिपलेली फीत पुढे चोवीस चित्रांच्या यंत्रावर लावली, की राजे आणि ऋषी तुरुतुरु धावू लागतात आणि करुण प्रसंगाला प्रेक्षक हसतात. मजकूर शाबूत आणि लय गेलेली, अशी ही अवस्था. आमच्या पतंगाचे हेच झाले होते.

संग्रहालयाच्या उपाहारगृहात बसून पुतण्याने आम्हांला यावरचे उपाय सांगितले. पहिला उपाय यंत्राला दमवण्याचा. एखादी छोटी आज्ञावली मागे चालू ठेवायची आणि तिने प्रोसेसरचा वेळ खात राहायचे, म्हणजे खेळाच्या वाट्याला थोडाच उरेल. हा उपाय स्वस्त, पण चाल खडखडती होते. दुसरा उपाय नव्या यंत्राच्या पोटात जुने यंत्र उभे करण्याचा. २००२ साली प्रथम प्रसिद्ध झालेली 'डॉसबॉक्स' ही आज्ञावली असेच काम करते. मिलिसेकंदाला किती आज्ञा पाळायच्या तो आकडा तिला सांगता येतो आणि खेळ चालू असतानाच तो वरखाली करता येतो. सतार जुळवताना खुंटी पिळावी तसे. याहून काटेकोर अशाही आज्ञावल्या आहेत, ज्या ठराविक जुन्या यंत्राची एकेक चिप तिच्या ठोक्यासह हुबेहूब वठवतात. तिसरा उपाय मुळालाच हात घालण्याचा. 'किती मोजले' हे काढून 'किती वेळ गेला' हे खेळाला घड्याळाकडे पाहून ठरवायला शिकवायचे. ज्यांची मूळ लिखित प्रत उपलब्ध नाही, त्यांची यंत्रभाषेतील आज्ञावली उलगडून ती समजण्याजोग्या भाषेत पुन्हा लिहावी लागते. १९८३ साली कॅनडातील विंडमिल सॉफ्टवेअरने काढलेला 'डिगर' हा खेळ अँड्र्यू जेनर यांनी असाच उलगडून १९९८ साली नव्या यंत्रांसाठी पुन्हा प्रसिद्ध केला.

घड्याळाकडे पाहिले म्हणजे सर्व संकटे टळली असेही नाही. टर्बो पास्कल या लोकप्रिय भाषेत वेळ घालवण्याची सोय विचारपूर्वक केलेली होती. आज्ञावली सुरू होताच ती ५५ मिलिसेकंदांच्या एका ठोक्यात यंत्र किती वेळा मोजते हे पाही आणि त्याला ५५ ने भागून मिलिसेकंदाचा दर ठरवी. पण भागाकाराचे उत्तर ठेवायला जी जागा होती, तिच्यात ६५,५३५ च्या वरचा आकडा मावत नसे. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढची यंत्रे आली आणि त्या आज्ञावल्या उघडताच 'रनटाइम एरर २००' असे म्हणून बंद पडू लागल्या. त्यात केवळ खेळ नव्हते, कचेऱ्यांतील हिशेबाच्या आज्ञावल्याही होत्या. पुढे त्यावर दुरुस्तीची ठिगळे निघाली. इतके होऊनही हा रोग समूळ गेलेला नाही. २०११ साली निघालेल्या 'स्कायरिम' या भव्य खेळातसुद्धा पडद्यावरील चित्रे सेकंदाला साठापेक्षा बरीच अधिक होऊ दिली, की टेबलावरची भांडीकुंडी आपोआप उडू लागतात.

मग दुरुस्ती करणाऱ्याने सगळेच एकसारख्या वेगाचे करून टाकावे काय? येथे पुतण्याने जपानच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळाचे उदाहरण दिले. तोमोहिरो निशिकादो यांनी तो १९७८ साली तयार केला. पडद्यावर पंचावन्न शत्रू, आणि ते सर्व हलवायला यंत्राची शक्ती अपुरी. शत्रू जसजसे मरत, तसतसे यंत्राचे ओझे हलके होई आणि उरलेले अधिकाधिक जलद येत. हे ठरवून झालेले नव्हते. ते यंत्राच्या दुबळेपणातून आले. पण त्यामुळे शेवटच्या क्षणांत जी धडधड वाढे ती निशिकादो यांना आवडली आणि त्यांनी ती तशीच ठेवली. आज एखाद्याने मोठ्या उत्साहाने हा 'दोष' काढून टाकला, तर खेळाचा प्राणच निघून जाईल. म्हणून दुरुस्तीला बसण्यापूर्वी मूळ खेळ कसा चालत होता हे शोधावे लागते. ते कळले नाही तर दुरुस्ती म्हणजे नुसती अटकळ.

पतंगाच्या बाबतीत अडचण नेमकी येथेच होती. घरी आलेल्या त्या वापरलेल्या यंत्रालाही टर्बोची कळ होती. एका बाजूला ४.७७ मेगाहर्ट्झ, दुसऱ्या बाजूला ८. बंधू खेळायला बसत तेव्हा ती कळ कोणत्या बाजूला असे? यंत्र तर केव्हाच भंगारात गेले. पुतण्याला वाटे जलद, आमच्या वहिनींना फोनवर विचारले तर त्या म्हणाल्या, "ते काही मला ठाऊक नाही, पण ह्यांचा डाव होईस्तोवर वरणाला फोडणी होऊन जायची." जुने यंत्र हुबेहूब वठवणाऱ्या आज्ञावलीत पुतण्याने दोन्ही वेग लावून घड्याळ धरले. मंद वेगात एक पतंग पडदा ओलांडायला बारा सेकंद घेई, जलद वेगात सातांहून थोडे अधिक. दोन्ही चाली खेळण्याजोग्या. त्यांतली खरी कोणती?

आणि मग आमच्या सौभाग्यवतींना बंधूंची वही आठवली. जन्मभर गार्डाचे काम केलेला माणूस, गाडी सुटल्याची आणि पोहोचल्याची वेळ टिपल्याविना त्याला चैन पडत नसे. निवृत्तीनंतर दुधाचा, पेपराचा आणि पतंगांचा हिशेब एकाच वहीत चाले. ती वही बडोद्याला आमच्याच कपाटात होती. आमच्या चिरंजीवांनी पानांची छायाचित्रे काढून फोनवर पाठवली. रात्री जेवणे आटोपल्यावर सगळे त्या छोट्या पडद्यावर वाकलो. बंधूंच्या तिरप्या अक्षरांत तारीख, आरंभाची वेळ, अखेरची वेळ आणि पुढे काटलेले पतंग. एका ओळीत लिहिले होते : ७.३६ ते ७.४०, पतंग १९. एकोणीस गुणिले बारा म्हणजे दोनशे अठ्ठावीस सेकंद, चार मिनिटांना थोडे कमी. जलद कळ असती तर तोच डाव सव्वादोन मिनिटांत आटोपला असता. पुढच्या पानांवरचे आठ-दहा डावही याच हिशेबात बसले. निकाल लागला. कळ मंद बाजूला होती.

त्यानंतरची दुरुस्ती अर्ध्या तासाची. मोजण्याची ओळ काढून पुतण्याने तेथे घड्याळ पाहण्याची आज्ञा घातली, अशी की यंत्र कोणतेही असो, पतंग बारा सेकंदांतच पडदा ओलांडेल. मूळ आज्ञावलीची प्रत त्याने तशीच वेगळी ठेवली आणि नवीन प्रतीच्या आरंभी काय बदलले, का बदलले आणि वहीतल्या कोणत्या नोंदीवरून, हे मराठीत लिहिले. मुलगी खेळायला बसली. पहिल्या डावात सात, दुसऱ्यात बारा. मग वहीतल्या एकोणीसाच्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "आजोबा भारी होते." तिने आजोबांना पाहिलेले नाही; पण त्यांच्या संध्याकाळची चाल तिला आता ठाऊक झाली आहे.

वाचकांपैकी अनेकांच्या माळ्यावर, मुलांच्या जुन्या वह्या-पुस्तकांच्या पेटीत, फ्लॉप्यांचे एखादे पुडके असेल. ते फेकून देण्यापूर्वी मुलांना विचारावे. फ्लॉपीवरचा चुंबकीय लेप वर्षागणिक क्षीण होतो, तेव्हा त्यातील मजकूर शक्य तितक्या लवकर उतरवून घ्यावा. त्यासोबत एका कागदावर हेही लिहून ठेवावे : यंत्र कोणते होते, कळ कोणत्या बाजूला असे, एक डाव साधारण किती वेळ चाले आणि तो कोण खेळत असे. हे ज्यांना सांगता येईल ती माणसे अद्याप घरात आहेत, तोवरच हा कागद भरून घेता येईल.